झाकली मूठ आणि उघडा ओटा

दिवा टपालाने येतो. सीअर्स रोबक कंपनीच्या कॅटलॉगमधून मागवलेला, रस्त्यावर लावायचा एक दिवा. आठवडाभर तो दुकानात मांडून ठेवतात, गावकरी येऊन बघून जातात. खांबासाठी माणसं दलदलीत धाडली जातात आणि मेयरच्या मनासारखा सरळसोट खांब मिळेपर्यंत परत परत पाठवली जातात. मग एके संध्याकाळी आसपासच्या वस्त्यांना आवतण जातं, पंगतीची तयारी होते, भाषण होतं, प्रार्थना होते. मेयर वात पेटवतो आणि जमलेले लोक गाऊ लागतात.

झोरा नील हर्स्टन यांच्या ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’ या १९३७ सालच्या कादंबरीतला हा प्रसंग. या गावात एकही गोरा माणूस राहत नाही. मेयर काळा, पोस्टमास्तर काळा, दुकानदार काळा, आणि दुकानाच्या ओट्यावर बसून सगळ्या जगाची उणीदुणी काढणारेही काळेच. ज्यांच्या बापजाद्यांना बाजारात विकलं होतं, ती माणसं आपल्या रस्त्यावर आपला दिवा लावताहेत आणि त्यासाठी त्यांना कुणाची परवानगी काढावी लागलेली नाही. प्रसंग एवढाच आहे. पण या दिव्याकडे बघून वाचकाने काय म्हणावं, यावर गेली जवळजवळ नव्वद वर्षं वाद चालू आहे. एकेका वाचकाने एकेक गोष्ट मागितली आणि ती मिळाली नाही म्हणून पुस्तक दूर सारलं किंवा मिळाली म्हणून छातीशी धरलं. या लेखाचा विषय ते वाचक आहेत.

आधी गावाबद्दल. ईटनव्हिल हे गाव कल्पनेतलं नाही. फ्लोरिडात, ऑर्लँडोच्या उत्तरेला ते आजही आहे. १५ ऑगस्ट १८८७ रोजी सत्तावीस काळ्या पुरुषांनी एकत्र येऊन मतदान केलं आणि कायद्याने स्वतःची नगरपालिका स्थापन केली. त्यांच्यापैकी बरेच जण शेजारच्या मेटलंड गावात गोऱ्यांकडे मजुरीला जात. दिवसभर दुसऱ्याच्या बागेत राबायचं आणि संध्याकाळी आपलं राज्य असलेल्या गावी परतायचं. आपलं राज्य म्हणजे काय, तर आपला पोलीस, आपली शाळा, आपली निवडणूक आणि आपली भांडणं. जो क्लार्क नावाच्या गृहस्थाचं दुकान गावाच्या मध्यावर होतं. त्याच्या ओट्यावर संध्याकाळी माणसं जमत आणि थापांची चढाओढ लागे. कादंबरीतल्या मेयर जो स्टार्क्सचा सांगाडा इथूनच उचललेला आहे. हर्स्टन यांचा जन्म १८९१ साली अलाबामात झाला, पण त्या कळत्या होण्याआधीच कुटुंब ईटनव्हिलला आलं. वडील जॉन हर्स्टन धर्मोपदेशक, पुढे गावाचे मेयर. ओट्यावरच्या गप्पा ऐकत ही मुलगी वाढली. बर्नार्ड कॉलेजात फ्रान्झ बोआस यांच्या हाताखाली मानववंशशास्त्र शिकून ती परत त्याच ओट्यावर आली, कान आणि वही घेऊन.

कादंबरी आली आणि पहिला घाव घरातूनच बसला. काळे लेखक रिचर्ड राईट तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. ‘न्यू मासेस’ या डाव्या साप्ताहिकात त्यांनी लिहिलं की या पुस्तकात विषय नाही, विचार नाही. गोऱ्यांच्या करमणुकीसाठी काळ्यांची सोंगं उभी करणारी जी जुनी तमासगिरी होती, तीच इथे चालू आहे. राईट यांना खोडसाळ ठरवून पुढे जाणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. हा माणूस मिसिसिपीत जन्मला. त्यांच्या सख्ख्या मावशीचा नवरा आर्कान्सात दारूचं दुकान चालवत होता. धंदा बरकतीला आला, तो गोऱ्यांच्या डोळ्यांत खुपला आणि त्यांनी त्याला ठार केलं. कुटुंब रातोरात पळालं. ज्या मुलाने हे पाहिलं, त्याला दुकानाच्या ओट्यावर बसून खेचरावरून विनोद करणारी काळी माणसं कशी झेपावीत? काळ्या माणसाने दुकान घातलं की पुढे काय होतं हे त्याला ठाऊक होतं, आणि कादंबरीत ते होत नव्हतं.

अलेन लॉक यांचा आक्षेप सौम्य होता, म्हणून जास्त झोंबला. ते हॉवर्ड विद्यापीठात हर्स्टन यांचे गुरू होते आणि १९२५च्या ‘द न्यू नीग्रो’ या गाजलेल्या संग्रहात त्यांनीच तिची कथा घेतली होती. हात चांगला आहे, भाषा चांगली आहे, पण ही लेखिका सामाजिक वास्तवाला भिडणार कधी, असा त्यांचा सूर होता. हर्स्टन इतक्या संतापल्या की हा आक्षेप छापणाऱ्या नियतकालिकालाच त्यांनी जळजळीत उत्तर लिहून पाठवलं. ते छापलं गेलं नाही.

हर्स्टन यांना वास्तव ठाऊक नव्हतं, असं मात्र कुणी समजू नये. ईटनव्हिल ज्या ऑरेंज काउंटीत आहे, त्याच काउंटीत ओकोई नावाचं गाव आहे. २ नोव्हेंबर १९२० रोजी तिथल्या काळ्या नागरिकांनी मतदानाचा प्रयत्न केला. जुलाय पेरी या बागाईतदाराला लटकवून मारलं गेलं, घरं आणि चर्च जाळली गेली, आणि वाचलेल्या काळ्या कुटुंबांना गाव सोडावं लागलं. याची हकीकत हर्स्टन यांनीच सरकारी लेखक योजनेसाठी लिहून ठेवली आहे. म्हणजे कादंबरीच्या ओट्यावर गोऱ्या माणसाची सावली पडत नाही, ती लेखिकेने पडू दिलेली नाही. तिला एक जागा अशी हवी होती जिथे काळी माणसं कुणाला तरी तोंड देण्यासाठी जगत नाहीत, नुसती जगतात. भांडतात, मत्सर करतात, बायकोला मारतात, मेलेल्या खेचराची थाटात अंत्ययात्रा काढतात.

ही शेवटची यादी वाचकांना सर्वांत जास्त खुपली. आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. आधीच बाहेरचे आपल्याला हसतात. त्यात आपल्याच माणसाने मूठ उघडून का दाखवावी? ही भीती मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, तेव्हा पांढरपेशा वाचक हादरला हे आपण वारंवार सांगतो. समाजातल्याही अनेकांना ते रुचलं नव्हतं, घरातलं दैन्य चव्हाट्यावर मांडलं असं त्यांना वाटलं होतं, हे कमी वेळा सांगतो. आणि हा केवळ योगायोगाचा सारखेपणा नाही. दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे बघत आलेले आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाची प्रत मागवली, आणि ड्युबॉईस यांचं उत्तरही आलं. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ने नाव घेतलं ते कुठून, हे सर्वांना माहीत आहे. लढ्याची ही देवाणघेवाण आपण जपली. ओट्याची मात्र आपल्याकडे फारशी आली नाही. लढणारा काळा माणूस मराठीत पोचला. भर उन्हात दुकानाच्या सावलीत बसून थापा मारणारा काळा माणूस मागेच राहिला.

हर्स्टन यांच्या दिव्याची दुसरी, अवघड बाजू १९५५ साली उजेडात आली. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राऊन खटल्याचा निकाल लागून वर्ष झालं होतं. सगळीकडे आनंद होता, आणि हर्स्टन यांनी ‘ऑर्लँडो सेंटिनल’ला पत्र लिहून त्या निकालाला विरोध केला. ज्याला आपण शेजारी नको आहोत, त्याच्या शेजारी कोर्टाच्या हुकमाने बसण्यात मला कसला आनंद, असा तिचा सवाल होता. काळ्या शिक्षकांच्या शाळा मुळातच कमअस्सल, हे गृहीतक तिला अपमानाचं वाटलं. वर्णभेदाच्या बाजूचे गोरे ते पत्र हातात नाचवू लागले. तिचे स्वतःचे वाचक लाजेने गप्प झाले. मला ते पत्र पटत नाही. ईटनव्हिलची शाळा फ्लोरिडातल्या हजारो काळ्या मुलांच्या नशिबी नव्हती. पण ते पत्र ईटनव्हिलमध्ये वाढलेलं माणूसच लिहू शकलं असतं, एवढं मला दिसतं. ज्याने आपलं गाव पाहिलंय त्याला दुसऱ्याच्या गावात जागा मिळणं हे बक्षीस वाटत नाही.

१९६० साली फोर्ट पिअर्स इथल्या सरकारी आश्रयगृहात तिचा मृत्यू झाला. पुस्तकं केव्हाच बाजारातून गेली होती. थडग्यावर दगडही नव्हता.

मग आल्या नव्या वाचक, आणि त्या बायका होत्या. १९७३च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅलिस वॉकर फोर्ट पिअर्सला गेल्या. लोकांनी बोलावं म्हणून मी झोराची भाची, असं त्यांनी खोटंच सांगितलं. कमरेइतक्या गवतात, सापांना भीत भीत त्यांनी कबरीची जागा अदमासाने ठरवली आणि दगड बसवून घेतला. त्या दगडावर जन्मसाल १९०१ कोरलंय. हर्स्टन आयुष्यभर वय चोरत आली, आणि तिच्यावर जीव टाकणाऱ्या वाचकाने ती चोरीही तशीच्या तशी दगडात उतरवली. १९७५ साली ‘मिझ’ मासिकात वॉकर यांनी ही हकीकत लिहिली आणि कादंबरी पुन्हा हातोहात फिरू लागली. पुनर्मुद्रण येईपर्यंत वर्गावर्गांतून झेरॉक्स प्रती वाटल्या जात होत्या.

या बायकांनी तोच दिवा पाहिला, पण त्यांची नजर दिव्याखालच्या अंधारावर गेली. गावाने जो स्टार्क्सला मेयर निवडलं, त्याच समारंभात लोक म्हणतात, आता बाईसाहेबांनी दोन शब्द बोलावेत. जो म्हणतो, माझ्या बायकोला भाषणातलं काही कळत नाही, बाईमाणसाची जागा घरात. त्याची बायको जेनी हसते, पण तिच्या आत काहीतरी विझतं. पुढे तो तिला केस फडक्यात बांधून ठेवायला लावतो, ओट्यावरच्या गप्पांत भाग घेऊ देत नाही. गाव स्वतंत्र झालं. मेयरीणबाईंचा आवाज त्याच दिवशी गेला. राईट यांना या पानांत विचार दिसला नव्हता. चाळीस वर्षांनंतरच्या वाचकांना इथे विचाराशिवाय दुसरं काही दिसेना. १९७९ साली अमेरिकेतल्या भाषा-साहित्याच्या प्राध्यापकांच्या अधिवेशनात यावर मोठी खडाजंगी झाली. जेनीला शेवटपर्यंत स्वतःचा आवाज सापडतच नाही, असा मुद्दा रॉबर्ट स्टेप्टो यांनी मांडला. श्रोत्यांतून अ‍ॅलिस वॉकर उठल्या. पुरुषांना वाटेल तेव्हाच बाईने बोललं पाहिजे असं कुठे आहे, असं त्यांनी ठणकावलं. कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं हे जेनी स्वतः ठरवते, तोच तिचा आवाज. त्या सभेची आठवण मेरी हेलन वॉशिंग्टन यांनी पुढे कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवली, आणि आज अनेक विद्यार्थी कादंबरीआधी तो वाद वाचतात.

खुद्द गावाला या वाचकांचा उपयोग झाला तो वेगळ्याच मार्गाने. ईटनव्हिलच्या शताब्दीच्या सुमारास काउंटीने गावच्या मुख्य रस्त्याचा, केनेडी बुलेव्हार्डचा, पाचपदरी रस्ता करायचं ठरवलं. चिमुकल्या गावाच्या मधून पाच पदर म्हणजे गाव गेलंच. गावकऱ्यांनी संघटना केली आणि जगाला सांगितलं की कादंबरीतला ओटा तो हाच. १९९०च्या जानेवारीत पहिला झोरा महोत्सव भरला, देशभरातून वाचक आले, आणि पाचपदरी बेत मागे पडला. जमिनीचा प्रश्न तिथे संपला नाही. गावातल्या जुन्या हंगरफोर्ड शाळेची सुमारे शंभर एकर जागा शाळामंडळ विकायला निघालं होतं, ती विक्री गावाच्या विरोधामुळे २०२३ साली बारगळली.

ईटनव्हिलला निदान आपली लेखिका मिळाली. शत्रूच्याच कागदांत उरलेल्या गावांचं काय? ब्राझीलच्या डोंगरात पळून गेलेल्या गुलामांनी पाल्मारेस नावाचं राज्य सतराव्या शतकात जवळजवळ शंभर वर्षं टिकवलं. ते १६९४ मध्ये पडलं, आणि पुढच्या वर्षी २० नोव्हेंबरला त्याचा शेवटचा नायक झुंबी मारला गेला. त्याबद्दलचा बहुतेक कागद त्याला संपवायला निघालेल्यांनी लिहिलाय. गेल जोन्स यांनी २०२१ मध्ये ‘पाल्मारेस’ ही कादंबरी दिली ती एका लहान मुलीच्या, अल्मेडाच्या, तोंडून. वीरगाथेच्या आशेने गेलेल्या वाचकाला पाल्मारेसमध्येही गुलाम आहेत हे पाहून ठेच लागते, आणि लागावी अशीच ती रचना आहे. इथे मला जंजिरा आठवतो. हबशी सिद्दींचं ते संस्थान १९४८ पर्यंत आपल्याच कोकणात होतं. ते ईटनव्हिल नव्हे. तिथे राज्यकर्ते हबशी आणि रयत सगळ्या जातीपातींची. तरी प्रश्न उरतोच. मराठी ऐतिहासिक कादंबरीत सिद्दी आपल्याला भेटतो तो बहुधा तटावर, तोफेमागे. त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्या म्हातारीच्या उशाशी बसून आपण जंजिरा किती वेळा पाहिलाय?

गेल जोन्स यांची पहिली कादंबरी १९७५ साली छापून आणणाऱ्या संपादिकेचं नाव होतं टोनी मॉरिसन. काळ्यांच्या स्वतंत्र गावाबद्दलची सर्वांत कठोर कादंबरी पुढे त्यांनीच लिहिली.

‘पॅराडाइज’ १९९८च्या सुरुवातीला आली, नोबेलनंतरची त्यांची पहिली कादंबरी. मागे खरा इतिहास होता. यादवी युद्धानंतरच्या काही दशकांत ओक्लाहोमाच्या प्रदेशात काळ्यांनी पन्नासहून अधिक गावं वसवली. त्यातली तेराच्या आसपास आज उरली आहेत. लँगस्टन १८९० मधलं, बोली १९०३ मधलं. काळ्यांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन बोलीला जाऊन आले आणि १९०८ साली त्यांनी गावाचं भरभरून कौतुक लिहिलं: बँक आहे, सरकी काढायचा कारखाना आहे, शिस्त आहे. त्याच्या आदल्याच वर्षी ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळाला होता आणि नव्या विधिमंडळाचा पहिला कायदा आगगाडीत काळ्यांना वेगळं बसवण्याचा होता. अशा वेळी मूठ झाकलेली ठेवण्याला अर्थ होता, आणि वॉशिंग्टन यांनी ती नीट झाकली.

मॉरिसन यांना जुन्या वर्तमानपत्रांत दुसरंच काही सापडलं. नव्या गावांच्या जाहिरातींत बजावलेलं असे की तयारीनिशी या, नाहीतर येऊच नका. आणि मुक्त झालेल्या गुलामांच्या एका तांड्याला, हाती पैसा नाही म्हणून, काळ्यांच्याच गावाने दारातून परत पाठवलं होतं. कादंबरी या परत पाठवण्यावर उभी आहे. गर्द काळ्या रंगाची नऊ घराणी ओक्लाहोमापर्यंत चालत येतात. उजळ कातडीचे काळे त्यांना गावात घेत नाहीत. ती माणसं पुढे जाऊन आपलं गाव वसवतात, आणि तो अपमान पिढ्यान्पिढ्या देव्हाऱ्यात ठेवून पुजतात. पुढे त्यांच्या वंशजांनी वसवलेल्या दुसऱ्या गावाचं नाव रूबी. गोऱ्यांच्या दवाखान्यात जागा न मिळाल्याने मेलेल्या, गावच्या पुढाऱ्यांच्या बहिणीचं ते नाव. गावात तुरुंग नाही, कारण लागत नाही. बाया मध्यरात्री निर्धास्त फिरतात. आणि १९७६ साली याच गावातले नऊ पुरुष बंदुका घेऊन सतरा मैलांवरच्या एका जुन्या मठात शिरतात आणि तिथे आसऱ्याला आलेल्या बायकांवर गोळ्या झाडतात. दाराशी परत पाठवलं जाणं काय असतं हे ज्यांना रक्तातून ठाऊक, ते हे करतात.

पहिल्याच वाक्यात कळतं की आधी गोरी मुलगी मारली गेली. त्या पाच बायकांतली गोरी कोणती, हे कादंबरी कधीच सांगत नाही. वाचक चक्रावले. पानं मागेपुढे चाळून, केसांचे, बोलण्याचे, आवडीनिवडींचे पुरावे गोळा करून त्यांनी उत्तर काढायचा खटाटोप केला. मीही केला. दोनदा. दुसऱ्या वेळी लक्षात आलं की हातात वही घेऊन मी त्या बायकांच्या रक्ताची छाननी करतोय, आणि रूबीतली वडीलधारी मंडळी नेमकं हेच करत असतात. मी वही मिटली.

कादंबरीत एक भट्टी आहे. गावाची सामायिक चूल म्हणा. पहिल्या गावातून ती वीट वीट सोडवून रूबीत आणून पुन्हा बांधलेली. तिच्या तोंडावर लोखंडी अक्षरं आहेत, आणि सुरुवातीचा भाग गळून गेलाय. म्हातारे म्हणतात, देवाच्या भुवईवरच्या आठीला भिऊन राहा, असा तो हुकूम आहे. तरुण म्हणतात, आपणच ती आठी व्हायचंय. भर सभेत तंटा होतो, शब्दाला शब्द वाढतो, म्हातारे गोळी घालायची भाषा करतात. पूर्वजांनी लिहिलेल्या एका ओळीच्या वाचनावरून. हर्स्टन-राईट वाद, १९७९ची सभा, सगळं मला या भट्टीभोवती उभं असलेलं दिसतं.

पुस्तकाबद्दल मतं टोकाची पडली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मिचिको काकुतानी यांनी त्याला अवजड आणि ठोकळेबाज ठरवलं. ओप्रा विन्फ्री यांनी ते आपल्या वाचक मंडळासाठी निवडलं, आणि घरोघरच्या वाचकांनी सांगितलं की डोक्यावरून जातंय. तेव्हा ओप्रा काही वाचकांना घेऊन प्रिन्स्टनला मॉरिसन यांच्यापुढे बसल्या, आणि मार्चमध्ये टीव्हीवर तो वर्ग अख्ख्या देशाने पाहिला. नोबेल मिळालेली लेखिका आणि गोंधळलेले वाचक एकाच खोलीत. टेक्सासच्या तुरुंग खात्याने तर पुस्तकावर बंदीच घातली, कारण त्यामुळे कैद्यांमध्ये दंगा होईल. मॉरिसन यांनी ते बंदीचं पत्र फ्रेम करून लावलं होतं. पुस्तक इतकं अवघड आहे की सुशिक्षित वाचकाला कळत नाही, आणि इतकं स्फोटक आहे की कैद्याला द्यायची सोय नाही! माझं मत विचाराल, तर त्या तुरुंगाधिकाऱ्याने पुस्तक काही नामवंत समीक्षकांपेक्षा जास्त गंभीरपणे घेतलं.

कृष्णवर्णीय वाचकांमध्ये दुखावलेलेही असणारच. बोलीसारख्या गावांचं नाव शाळेच्या पुस्तकांत येत नाही, आणि येऊन येऊन कादंबरीत आलं तर बायकांवर बंदुका रोखणाऱ्या पुरुषांच्या रूपात. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पण रूबीतले पुरुष हे नुसते खलपुरुष नाहीत. हल्ला करणाऱ्यांपैकी डीकन मॉर्गन पुढे अनवाणी गावातून चालत जातो, धर्मोपदेशकाच्या दाराशी थांबतो आणि आपण काय झालो हे बोलून दाखवतो. त्याला जाब विचारणारा बाहेरचा कुणी नाही, गोरा शेरीफ नाही, कोर्ट नाही. गाव स्वतःच्या पुढ्यात उभं आहे.

पुस्तकाचा शेवटचा शब्द ‘पॅराडाइज’ हाच आहे, आणि पहिल्या आवृत्तीत तो मोठ्या ‘पी’ने छापला गेला. मॉरिसन यांना ती चूक सलत राहिली. स्वर्ग चौथऱ्यावरून खाली उतरवायचा, तो सगळ्यांसाठी मोकळा करायचा, म्हणून त्यांना अक्षर लहान हवं होतं. वाचकांनी आपापल्या प्रतीत त्या ‘पी’वर खूण करून तो लहान करावा, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं. माझ्या जुन्या प्रतीत मी पेन्सिलीने ती खूण केली आहे. मराठीत हे पुस्तक कुणी करायला घेतलं, तर मात्र पंचाईत आहे. देवनागरीत मोठं-लहान अक्षरच नसतं. स्वर्ग लिहा, नंदनवन लिहा, उंची तीच राहते. मी बरेच दिवस शब्द शोधत होतो. मग आठवलं की पंढरपूरला आपण भूवैकुंठ म्हणतो: चिखलातून चालत गाठायचं, चंद्रभागेच्या वाळूत बसून भाकरी खायचं वैकुंठ. वहीच्या मागच्या पानावर मी तो शब्द लिहून ठेवला आहे, पुढे प्रश्नचिन्ह घालून.